दहा बंद, दोन चालू

१

रविवारी सकाळी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील दहा तरुणांची नोकरीच्या संकेतस्थळावरची प्रोफाइल बंद झालेली आढळली. ही दहाही प्रोफाइल त्याच उन्हाळ्यात जव्हारमधल्या एका दुकानात, एकाच संगणकावर, एकाच माणसाने सुधारून दिलेली होती. त्याच दुकानात, त्याच संगणकावर, त्याच माणसाने सुधारून दिलेली आणखी दोन प्रोफाइल चालू राहिली.

दुपारी पुष्पा बुधर जव्हारला उज्ज्वला महाले यांच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती आणि हातात फोन होता. उज्ज्वलाबाईंनी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले होते. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे शिफारशीला येत, सल्ल्याला येत, क्वचित भांडण सोडवायलाही येत. पण 'नशीब' आणि 'नजर' हे दोन शब्द त्यांच्या ओटीवर कोणी उच्चारत नसे. उच्चारलाच, तर बाई शांतपणे विचारत, "मोजलंस कसं?"

"आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. "मग सांग. आणि क्रमाने सांग."

पुष्पा पाणी प्यायली नाही. भांडे हातात तसेच धरून ती बोलू लागली. उजाडताच ती नेहमीप्रमाणे पाड्यामागच्या टेकडीवर गेली होती, कारण रेंज तिथेच मिळते. साइट उघडली तर एकच वाक्य आले: आपले खाते आमच्या नियमांत बसत नसल्याने बंद करण्यात आले आहे.

"कोणता नियम?"

"ते लिहिलेलं नाही."

"विचारलंस?"

"विचारायला माणूसच नाही मॅडम तिथे. एक चौकोन आहे. त्यात लिहायचं."

पुष्पा त्यांची विद्यार्थिनी. पाड्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. प्रथम वर्ग. टायट्रेशन करताना शेवटचा थेंब सोडण्याआधी श्वास रोखून धरणारी मुलगी बाईंनी तीस वर्षांत ही एकच पाहिली. पदवीनंतर दोन वर्षे तिने अर्ज केले आणि दोन वर्षे उत्तर आले नाही. प्रोफाइल सुधारून घेतल्यावर मात्र तीन आठवड्यांत नाशिकजवळच्या एका औषध कंपनीसाठी माणसे निवडणाऱ्या वाघचौरे नावाच्या गृहस्थांनी साइटवरूनच निरोप धाडला. प्रयोगशाळेत जागा आहे, तुमची माहिती आवडली, मुलाखतीची वेळ याच आठवड्यात इथेच कळवतो.

"त्यांचा फोन नंबर?"

"नाही. जे काही बोलणं झालं ते साइटवर. आता तेही दिसत नाही." पुष्पाने भांडे खाली ठेवले. "आई म्हणते, दिवाळीनंतर तूही चल द्राक्षाच्या मळ्यात. घरी बसून दोन वर्षं झाली, आता मी तिला काय सांगणार होते? नाशिकचं सांगितलं होतं. नाशिकला जाईन, पण मळ्यात नाही, लॅबमध्ये जाईन म्हणाले होते."

उज्ज्वलाबाईंनी सांत्वन केले नाही. सांत्वनाने माहिती वाढत नाही.

"कोणी तक्रार केली तरी असंच बंद होतं?"

"पोरं तेच म्हणतात. खोटी तक्रार केली कोणीतरी." पुष्पाने मान वर केली. "मॅडम, जी दोन चालू आहेत ना, त्यातलं एक प्रमिलाचं आहे. आणि प्रमिलाने त्याच जागेसाठी अर्ज केलाय."

२

एस.टी. डेपोच्या रस्त्यावर दिपेशचे दुकान होते. पाटीवर 'झेरॉक्स – ऑनलाइन फॉर्म – पासपोर्ट फोटो' असे रंगवलेले, आणि पाटीखालच्या काचेला सोमवारी सकाळी मोठे भोक पडलेले. दिपेश काचेचे तुकडे सुपात भरत होता. त्याचा डावा डोळा सुजला होता.

"या मॅडम. तुम्ही पण मारायला आलात का? रांग आहे."

"मी विचारायला आले. बस."

"साला, मदत करा न् वरून मार खा. आईशप्पथ सांगतो, मी कायपण केलं नाही."

"शपथ नको. कृती सांग. काय काय केलंस ते पहिल्यापासून."

दिपेशने कृती सांगितली. प्रत्येकाचा पांढऱ्या पडद्यापुढे फोटो काढला. नावाखाली एक ठसठशीत ओळ घातली. मग ओळखीचा उतारा, 'मी मेहनती, प्रामाणिक आणि नवीन गोष्टी लवकर शिकणारी व्यक्ती आहे' असा, आणि तो सगळ्यांना तोच. कारण दिपेशला चांगला उतारा एकच लिहिता येत होता. मग शिक्षण, मग कौशल्ये. मग शिफारशी.

"शिफारशी कोणी दिल्या?"

"एकमेकांनी! त्यांचीच आयडिया. म्हणाले, आमच्याकडे आवणीला, भात लावायला, एकाच्या शेतात सगळे जातात, मग दुसऱ्याच्या. तसंच करू. बारा जण बसले न् बाराही जणांनी बाकीच्या अकरांना शिफारस दिली. चहा मी पाजला."

उज्ज्वलाबाईंना हसू आले नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. "प्रमिलाने पण दिली?"

"दिली की. तिला पण मिळाल्या. देवानंदला पण."

"मग?"

"मग शेवटचं पान. वैयक्तिक माहिती. ते भरलं की वरची पट्टी पूर्ण हिरवी होते, शंभर टक्के. पट्टी हिरवी असली तरच कंपनीवाले बघतात, असं साइटच सांगते. म्हणून मी कोणाला सोडलं नाही. एकूण एक रकाना भरून घेतला."

"पासवर्ड?"

दिपेशने काचेचा एक तुकडा सुपात टाकला. मग म्हणाला, "माझ्याकडेच होते. पोरं विसरतात. म्हणून तर काच फुटली."

पासवर्ड हाती असणारा माणूस हा पहिला संशयित. हे गावाने ताडले, आणि गावाचे ताडणे चुकीचे होते असे नाही. ते फक्त अपुरे होते. बाईंनी पुष्पाच्या फोनवरून उतरवून घेतलेले वाक्य पुन्हा वाचून पाहिले. "खातेदाराने स्वतः खातं मिटवलं तर काय दिसतं?"

दिपेशने लगेच एक कोरे खाते उघडले आणि मिटवून दाखवले. वेगळे वाक्य आले: आपण आपले खाते बंद केले आहे. म्हणजे पासवर्ड वापरून कोणी दहा प्रोफाइल मिटवली असती, तर पुष्पाला हे वाक्य दिसले असते. दिसले ते दुसरे. दार आतून लागले नव्हते; बाहेरून लावले गेले होते.

"शिवाय मॅडम, त्या दहांत एक माझी सख्खी बहीण आहे, पोशी. तिचं मी कशाला बुडवू?"

"ते मी पुरावा म्हणून धरत नाही. बहिणींचंही बुडवतात लोक. पण वाक्याचा पुरावा धरते. तू यातून सुटलास."

दिपेशने सूप खाली ठेवले आणि मनगटाने डोळे पुसले. सुजलेला डोळा पुसताना कळवळला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "एक सांगू? देवानंद त्या दिवशी मधूनच उठून गेला. जाताना दारातून ओरडला, 'बघतोच तुझी साइट कशी चालते ती.' न् आता त्याचंच चालू आहे."

३

देवानंद बी.ए. होता आणि जव्हार-मोखाडा रस्त्यावर वडापची जीप चालवत असे. बाजाराच्या दिवशी उज्ज्वलाबाई त्याच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. मागे पुष्पाची आई रुपी होती. कोणाच्या तरी मांडीवर अर्धी आणि टोपलीवर अर्धी. बाईंना पाहून ती पुढे वाकली.

"बाई, मोबाइलात माझे पोरीचा नाव होता, ता पुसला कोणी? नाव म्हंजे काय फळ्यावरचा खडू हाय?"

"तेच शोधतेय रुपीताई."

"माझी पोर कोणाच्या वाटेला जात नाय. नागली झोडतानाची पोर ती. खळ्यावर होते न् कळा आल्या, थंडी कसली होती! तवापासना ती कष्टाला भ्याली नाय. न् आता बसून रडते. जेवत नाय, बोलत नाय. टेकडीवर जाते न् तो डबा बघत बसते."

वळणावर देवानंदने हॉर्न वाजवला.

मोखाड्याला माणसे उतरल्यावर बाईंनी त्याला थांबवले. "धमकी दिलीस म्हणे दिपेशला."

"दिली." देवानंद स्टिअरिंगवर रेलला. "मॅडम, चार वाजता गाडी भरलेली, पाशिंजर मला शिव्या घालतायत, न् हा शाणा म्हणतो थांब, एक पान राहिलंय, पट्टी हिरवी करू. मी म्हटलं, तुझी पट्टी घाल चुलीत. मग तो म्हणाला, म्हणूनच तू ड्रायव्हर राहशील. मग मी पण बोललो."

"तक्रार केलीस?"

"कुठे करतात ते पण माहीत नाही. माझा प्रोफाइल म्हणजे अर्धी शिजलेली भाकर. मी उघडून पण बघत नाही."

"फोन दे."

त्याने दिला. बाईंनी पाहिले. फोटो होता, उतारा होता, कौशल्ये होती, अकरा शिफारशी होत्या. शेवटचे पान रिकामे होते. वरची पट्टी तीन चतुर्थांश हिरवी होऊन अडकली होती.

त्यांनी फोन परत केला आणि जीपमधून उतरल्या नाहीत. समोर बाजार वाहत होता, सुकी मासळी, मडकी, मिरच्या. त्या मात्र प्रयोगाच्या टेबलापाशी बसल्यासारख्या बसून राहिल्या. संगणक बाराही जणांचा एक होता, आणि देवानंदचे वाचले. म्हणून एकटा संगणक कारण नव्हे. उतारा तोच होता, शिफारशीही त्याच होत्या, आणि तरी वाचले. देवानंदच्या प्रोफाइलमध्ये जे जे आहे, त्यातले काहीही एकट्याने घातक नाही. घातक आहे ते त्यात नसलेले. आणि त्यात नाही ते फक्त शेवटचे पान.

"देवानंद, तू घाईत गेलास म्हणून वाचलास."

"म्हणजे?"

"जेवढी सुधारणा पूर्ण, तेवढा नाश पुरा. हे मला अजून समजलेलं नाही, पण दिसतंय असं."

"मग प्रमिलाचं?" देवानंदने विचारले. "तिने तर शेवटपर्यंत भरलं. तिची पट्टी हिरवी आहे. मी पाहिली."

हाच प्रश्न बाईंना पडला होता. त्या उतरल्या आणि शिक्षक वसाहतीकडे चालू लागल्या.

प्रमिला घरात एकटीच होती. वडील प्राथमिक शिक्षक. सुट्टीतही कुठल्याशा गणनेच्या कामावर गेलेले. मुलीने दार उघडले, बाईंना पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. तिने खुर्ची पुढे केली, चहा टाकायला आत गेली, चहा न टाकताच परत आली. बाईंनी अजून एक शब्दही विचारला नव्हता.

"मॅडम," प्रमिला म्हणाली, "मीच केलं ते."

४

"काय केलंस?"

"सगळ्यांना घालवलं." ती जमिनीवर बसली. "रविवारी नाश्ता झाल्यावर फोन बघितला. साइटवरून आलेलं होतं, आज तुमच्या ओळखीतल्या दहा जणांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या. खाली बटण. मी पुष्पाच्या नावावर दाबलं. 'ही व्यक्ती सापडत नाही' असं आलं. मग पोशीच्या. सापडत नाही. मी दाबतच गेले मॅडम. ज्याच्या नावावर बोट ठेवावं, तो नाही. दहा वेळा. मग कळलं की सगळ्यांचीच खाती गेली. मी काहीतरी चुकीचं दाबलं. आता कोणाला सांगू? सगळे म्हणणार, जागा मिळावी म्हणून मुद्दाम केलं."

"नाश्ता किती वाजता झाला?"

"नऊ वाजून गेले होते."

"पुष्पाने उजाडताच पाहिलं, तेव्हाच तिचं खातं बंद होतं. कार्य कारणाच्या आधी घडत नाही. तू बोट ठेवलंस ते आधीच रिकाम्या झालेल्या जागेवर. ऊठ. चहा टाक."

प्रमिला उठली, पण गेली नाही. भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली. किती दिवसांचे साचलेले होते कोण जाणे. बाई थांबल्या. थांबता थांबता त्यांनी मुलीचे वाक्य मनात पुन्हा फिरवले, आणि त्या अर्ध्यावर अडल्या.

"प्रमिला. दहा जणांचा वाढदिवस म्हणालीस. एकाच दिवशी?"

"हो." प्रमिलाने नाक पुसले. "एक जून होता ना मॅडम."

हे तिने इतक्या सहज सांगितले, की ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटू नये. आणि उज्ज्वलाबाईंना नेमका याचाच धक्का बसला, की त्यांनाही काही क्षण ते वावगे वाटले नव्हते. एक जून. अर्थातच एक जून. त्यांच्याही दाखल्यावर तीच तारीख होती, म्हणून त्या स्वतः एकतीस मे रोजी निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्यासोबत त्याच दिवशी, त्याच मांडवात, त्याच हारवाल्याच्या हारांनी आणखी चौघे निवृत्त झाले होते, आणि पाच माणसे एकाच दिवशी कशी जन्मली, असा प्रश्न त्या विज्ञानशाखेतल्या एकालाही पडला नव्हता.

पाड्यावर मूल घरी जन्मते. ते नागली झोडताना जन्मले, की आवणीत, की शिमग्याच्या आदल्या दिवशी, हे आईला पक्के ठाऊक असते. तारीख ठाऊक नसते. सहा वर्षांनी ते शाळेत येते. गुरुजींना रकाना भरायचा असतो, आणि शाळा जूनमध्ये भरते. म्हणून गुरुजी एक जून लिहितात. पुढे ती तारीख दाखल्यावर जाते, दाखल्यावरून ओळखपत्रावर, ओळखपत्रावरून जिथे जिथे रकाना असेल तिथे. थंडीत खळ्यावर जन्मलेली पुष्पा कागदावर कडक उन्हाळ्यात जन्मते.

"आणि तुझी जन्मतारीख?"

"एकोणीस नोव्हेंबर. मी नाशिकला दवाखान्यात झाले. बाबांनीच शाळेत घातलं, तर त्यांनी खरीच लिहिली." प्रमिलाला आठवून थोडे हसू आले. "वर्गात माझाच एकटीचा वाढदिवस यायचा. बाकीच्यांचा सगळ्यांचा सुट्टीत. पुष्पा म्हणायची, आम्हा सगळ्यांची चॉकलेटं सुट्टीत बुडतात, तुझीच तेवढी खायला मिळतात."

ती बोलता बोलता थांबली. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तिला समजले असावे. हुशार मुलगी होती.

"मॅडम, पण जन्मतारखेवरून कोणी खातं बंद करतं का?"

"माणूस करत नाही," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पण तिथे माणूस आहे असं कोणी म्हटलं?"

५

तर्क सुसंगत असणे वेगळे आणि तो खरा असणे वेगळे. हे वाक्य उज्ज्वलाबाई दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत. बुधवारी सकाळी त्यांनी दिपेशच्या दुकानात तिघांना बोलावले. तुटलेल्या काचेवर पुठ्ठा लावलेला होता. पुष्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती आणि प्रमिला तिच्या शेजारी उभी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण प्रमिलाचा हात पुष्पाच्या खांद्यावर होता.

प्रमिलाने मोखाड्याहूनच वाघचौरेंना निरोप धाडला होता. पुष्पा बुधर ही खरी व्यक्ती आहे, माझी वर्गमैत्रीण आहे, तिचे खाते चुकून बंद झाले आहे, तिचा फोन नंबर देते. त्याच जागेसाठी स्वतः अर्ज केलेला असताना तिने हे केले. त्याचे उत्तर यायचे होते. पुष्पाने त्या चौकोनात अर्जही केला होता, आणि साइटने ओळखपत्राचा फोटो मागितला होता. तो तिने धाडला होता.

"माझं म्हणणं एवढंच," बाई म्हणाल्या. "एकाच संगणकावरून बारा खाती. एकच उतारा. सगळ्यांची सगळ्यांना शिफारस. इथवर यंत्राला शंका आली असेल, पण ती पुरेशी नव्हती. प्रमिला आणि देवानंद त्याच पात्रात असून वाचले. त्यात दहा जणांची जन्मतारीख एक. यंत्राने हिशेब केला, की दहा माणसं एका दिवशी जन्मून एका खोलीत बसून एकमेकांची स्तुती करतात, हे संभवत नाही. एकच लबाड माणूस दहा मुखवटे घालतो, हे संभवतं."

"पण आमच्याकडे ते तसंच असतं," दिपेश म्हणाला.

"आपल्याकडे असतं. यंत्राला आपल्याकडचं कोणी सांगितलं नाही." त्या थांबल्या. "हे सगळं अजून अनुमान आहे. सिद्ध करायचं तर एकच गोष्ट बदलून पाहावी लागेल, बाकी सगळं तसंच ठेवून. तसं खातं एकच उरलंय."

सगळ्यांनी देवानंदकडे पाहिले. तो दारात जीपची किल्ली बोटावर फिरवत उभा होता.

"मी मागणार नाही," बाई म्हणाल्या. "माझा तर्क बरोबर असेल तर तुझं खातं जाईल. चुकीचा असेल तरच राहील. हा सौदा वाईट आहे."

"जीपला प्रोफाइल लागत नाही मॅडम." देवानंदने हसण्याचा प्रयत्न केला. "न् दिपेशभाऊ बोललाच आहे, ड्रायव्हरच राहणार म्हणून."

"ए, सोड ना ते आता," दिपेश म्हणाला.

"उघड. ते शेवटचं पान उघड."

दिपेशने त्याच संगणकावर पान उघडले. पत्ता, फोन, आणि जन्मतारीख. "काय टाकू?"

"विचारतोस काय? सगळ्यांची आहे तीच."

कळ दाबल्यावर वरची पट्टी सरकत गेली आणि पूर्ण हिरवी झाली. पडद्यावर अभिनंदनाचे फुगे उडाले. देवानंद ते फुगे खाली येईपर्यंत पाहत राहिला. तेव्हा उज्ज्वलाबाईंच्या ध्यानात आले, की 'उघडूनही बघत नाही' हे त्याने जीपमध्ये खोटे सांगितले होते. अर्धवट भरलेली पट्टी त्याने नीट जपली होती. आता बोलून उपयोग नव्हता. प्रयोग सुरू झाला होता.

गुरुवारी सकाळी देवानंदचे खाते उघडले नाही. आपले खाते आमच्या नियमांत बसत नसल्याने बंद करण्यात आले आहे. अक्षरन् अक्षर तेच.

तीस वर्षांत असा स्वच्छ निकाल उज्ज्वलाबाईंना क्वचित मिळाला होता, आणि इतका नकोसा कधीच नाही.

६

उत्तरे दोन्ही त्याच दिवशी आली. पहिले साइटचे होते. पुष्पाने दुकानात, सगळ्यांसमोर वाचले: ओळखपत्र तपासले. नोंदवलेली जन्मतारीख जुळते. निर्णय कायम आहे. हा निर्णय अंतिम आहे.

"जुळते, म्हणून कायम?" प्रमिलाने विचारले.

"जुळणं हाच गुन्हा आहे," बाई म्हणाल्या. "तिने निर्दोष असल्याचा जो पुरावा दिला, तोच तिच्यावरचा आरोप. शासनाने दिलेल्या प्रत्येक कागदावर तेच लिहिलेलं आहे. दुसरा कागद नाही."

"आई सांगू शकते," पुष्पा म्हणाली. "तिला माहीत आहे मी कधी झाले."

रुपीची साक्ष घालायला त्या चौकोनात जागा नव्हती.

दुसरे उत्तर वाघचौरेंचे, प्रमिलाच्या फोनवर. गृहस्थ सभ्य होते. संबंधित खाते बनावट असल्याची सूचना साइटकडून आम्हाला मिळाली आहे, त्यामुळे त्या उमेदवाराचा विचार करता येणार नाही; आपण तिच्या वतीने पुन्हा संपर्क करू नये; आणि आपल्याला तिने दिलेली शिफारस आपल्या प्रोफाइलवर होती, हेही आम्ही नोंदवले आहे. मुलाखतीच्या वेळेचा उल्लेख त्यात नव्हता. प्रमिलाच्याही नाही.

उज्ज्वलाबाईंनी कंपनीच्या फाटकावरच्या फोनपर्यंत प्रयत्न करून पाहिला. भरती बाहेरची संस्था करते, एवढे कळले. त्या संस्थेच्या नंबरावर रेकॉर्ड केलेला आवाज लागला आणि त्याने साइटवर यायला सांगितले.

पुष्पाने साइटचे उत्तर पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, "मॅडम, नवी तारीख टाकून नवं खातं काढलं तर?"

"ओळखपत्र मागतील. जुळणार नाही. मग खरोखर बनावट ठरशील."

"आणि ओळखपत्रावरची तारीख बदलून घ्यायची तर जन्माचा दाखला लागतो."

"हो."

"आणि तो नाही."

"नाही."

"मग चूक कोणाची?"

बाईंना खोटे बोलता येत नव्हते, आणि ज्याच्यावर बोट ठेवावे असा माणूस त्यांना खरोखर दिसत नव्हता. गुरुजींनी मूल शाळेत घ्यावे म्हणून लिहिले होते. दिपेशने एकही रकाना रिकामा राहू नये म्हणून झटून भरले होते. पोरांनी एकमेकांना हात दिला होता. आणि यंत्रासमोर जो पुरावा होता, तेवढाच पुरावा समोर ठेवून, दुसरे काही न सांगता, कोणी त्यांना विचारले असते, तर त्यांनीही तोच निष्कर्ष काढला असता. हे त्या बोलल्या नाहीत.

"मला कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "चूक सापडली नाही."

बाहेर दोन पोरे थांबून काचेकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाली आणि हसत पुढे गेली. दिपेश मान खाली घालून बसला. पुष्पा उठली. तिने झेरॉक्सच्या ट्रेमधून एक कोरा कागद घेतला, पेन मागितले, आणि स्टुलावर बसून प्रयोगवहीत लिहावे तशा सुबक अक्षरात लिहू लागली. उज्ज्वलाबाईंनी वाचून एका ठिकाणी 'बहुधा' हा शब्द घालायला लावला. मग देवानंदने तो कागद पुठ्ठ्यावर, रस्त्यावरून वाचता येईल असा चिकटवला. त्यावर एवढेच होते:

'कोणीही तक्रार केलेली नाही. दिपेश, देवानंद आणि प्रमिला यांचा यात दोष नाही. आमच्या जन्माची नोंद नव्हती, म्हणून शाळेत आम्हा सर्वांची जन्मतारीख एक जून लिहिली गेली. आम्ही दहा जणांनी एका संगणकावरून, एकाच मजकुराने, एकमेकांच्या शिफारशींसह ती तारीख भरली. एक जून उजाडताच साइटच्या यंत्राने वाढदिवसांची यादी केली, तेव्हा बहुधा ते त्याच्या नजरेस आले. अकराव्याने तीच तारीख भरल्यावर त्याचेही खाते एका दिवसात बंद झाले. यंत्राने आम्हा सर्वांना मिळून एक माणूस धरले, आणि तो माणूस नाही असे ठरवले.'